डावीकडची जागा

विट्याहून आलेली एसटी बोरखिंडीच्या फाट्यावर धूळ उडवून निघून गेली. प्रियदर्शनीने डोळे चोळले, ओढणी सारखी केली आणि समोर बघते तर काय... आप्पांची जीप खिंडीतून खाली येत होती, आणि जीपमध्ये आप्पा नव्हते!

स्टिअरिंगवर कुणी परकाच बसला होता. बाह्या दुमडलेला निळा शर्ट, वाऱ्यावर उडणारे केस, आणि बसणं असं ऐसपैस, की गाडी याच्या आज्यानेच घेऊन ठेवली असावी.

चोर दिसला की माणसाला भीती वाटते, राग येतो. प्रियदर्शनीला आधी आला तो मत्सर. त्या स्टिअरिंगला गेल्या वीस वर्षांत आप्पांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. तिचासुद्धा नाही. आणि तो एकदा तरी लागावा म्हणून ती परकरात होती तेव्हापासून झुरत होती.

आप्पा म्हणजे हंबीरराव. फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आले तेव्हा फौजेने मोडीत काढलेली ही जीप लिलावात घेऊन आले. दारं नाहीत, बाजूला काचा नाहीत, डोक्यावर फक्त ताडपत्री. ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर लागायचा. स्टिअरिंग वीतभर फिरवलं की मग चाकांना बातमी कळायची. हॉर्नची तर वेगळीच तऱ्हा. बटण दाबून तो वाजत नसे. डावं वळण आलं की आपला आपण वाजे. गाव तिला डबडं म्हणायचं. पण खिंडाईच्या डोंगरावर, जिथे ट्रॅक्टरसुद्धा दम टाकायचा, तिथे हे डबडं चढायचं. म्हणून चैत्रातल्या जत्रेला महाप्रसादाची काहील, ती अवाढव्य कढई, वर न्यायचा मान त्याला, आणि ड्रायव्हरच्या डोक्याला मानाचा फेटा.

प्रियदर्शनी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. जीप तिच्यापासून चार हातांवर थांबली. एका दमात, गुपचूप. याला ब्रेक पहिल्याच फटक्यात कसा लागला, या विचाराने ती आणखी पेटली.

“उतरा खाली.”

“का?”

“गाडी कुणाची हाय ही?”

“हंबीररावकाकांची.”

“मग किल्ली कुणी दिली तुमाला?”

तो हसला. गालाला खळी पडली, तीही तिने रागातच पाहिली. “ह्या गाडीला किल्ली कुठं असती? बटण दाबलं की झाली सुरू.”

बरोबर होतं. म्हणून तर जास्त झोंबलं. “चोराला सगळं म्हाईत असतंय.”

“आवं, चोर असतो तर जरा बरी गाडी नसती का चोरली?”

बरी गाडी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काही बोलणार तोच तो म्हणाला, “तुमी प्रियदर्शनी. विट्याला लॅबमधी रक्त काढता. काका म्हणाले, फाट्यावर आमची रागीट पोरगी उतरंल, तिला घिऊन ये.”

“आप्पा म्हणाले रागीट?”

“न्हाई... ते मी घातलं. आत्ता, बघून.”

हा वीरधवल. केरबा गलाईवाल्यांचा मुलगा. त्या पट्ट्यातली निम्मी घरं सोनं गाळायला देशभर पांगलेली. केरबांची भट्टी कोइमतूरला. त्यांच्या घराचं कुलूप निघायचं ते जत्रेला नाहीतर लग्नाला. प्रियदर्शनीने त्याला शेवटचं पाहिलं होतं ते हाफ चड्डीत, बाहीला नाक पुसताना. आता ते नाक चांगलं सरळ झालं होतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने लगेच दुसरीकडे पाहिलं.

ती डावीकडच्या जागेवर चढून बसली. ती तिचीच जागा होती. जीपला मोठ्या गिअरशेजारी एक बारकी दांडी होती. ती टाकली की चारही चाकांना जोर मिळे. पण आतून ती झिजली होती. चढाला लागली की खट्ट करून सुटायची आणि गाडी मागे घसरायची. म्हणून डावीकडे बसणाऱ्याने ती तळहाताने दाबून धरायची. सुरुवातीला आई धरायची. तिच्या किती बांगड्या त्या दांडीपायी फुटल्या याची गणतीच नाही. मग प्रियदर्शनीच्या हातात बळ आलं आणि ती जागा तिच्याकडे आली.

वस्तीचा मुरमाड चढ लागला. वीरधवलने बारकी दांडी टाकली आणि बोलत राहिला. कोइमतूरचं ऊन, कोइमतूरची इडली... दांडी थरथरायला लागली, ते प्रियदर्शनीला तळपायाला कळलं. तिने चटकन हात टाकला आणि दांडी दाबली. नेमका त्याच वेळी मोठ्या गिअरवरून निसटलेला त्याचा हात तिच्या हातावर पडला.

दोघांनीही हात मागे घेतले. खट्ट! जीप मागे घसरायला लागली.

“धरा! धरा की!” तो ओरडला.

“तुमी आधी बिरेक दाबा!”

जीप बाभळीला टेकून थांबली. फुफाटा खाली बसला. केसांपासून पापण्यांपर्यंत दोघंही पांढरी झाली होती. तो तिच्याकडे बघून आधी गालात हसला, मग मोठ्याने हसला. तिला हसू आलं होतं. तिने ते गिळलं.

घरी आप्पा अंगणात बाजेवर बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता.

“आप्पा, ह्यांना गाडी दिली?”

“दिली. डॉक्टर म्हणतोय, म्हैनाभर स्टिअरिंगला हात लावू नगा. यंदाची काहील वीरधवल नेणार. कुन्नूरकडं चहाच्या मळ्यात जुन्या जीपा चालवल्यात त्यानं. भट्टीपुढं बसायचा कटाळा हाय त्याला, डोंगराचा न्हाई.”

प्रियदर्शनीच्या हातातला तांब्या हातातच राहिला. “आणि मी?”

“तू दांडी धर की! तुझ्यागत दांडी साऱ्या तालुक्यात कुणाला धरता येती?”

“मला चालवायची हाय, आप्पा. काहील मला न्यायची हाय.” इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं, तेही परक्या माणसासमोर.

आप्पा जरा गडबडले. मग म्हणाले, “बरं, तू चालवाय बसलीस. मग दांडी कोण धरणार? सांग की!”

चुलीपुढून भाकरी थापता थापता आई तेवढी बोलली, “हे कवतिक म्हणायचं का कोंडवाडा?”

वीरधवल मान खाली घालून चहा पीत होता. पण त्याचं लक्ष सगळं इकडेच होतं.

जत्रेपर्यंत रोज सांजच्याला डोंगराकडे एक फेरी मारायची, असा आप्पांचा हुकूम सुटला. वीरधवलने चालवायचं, प्रियदर्शनीने दांडी धरायची. रोज ती तोंड फुगवून चढायची आणि रोज नव्याने जळायची. आप्पांनी पहिला गिअर टाकला की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. याच्या हाताखाली तोच गिअर लोण्यात सुरी जावी तसा जायचा. चढाला तो जीपला म्हणायचा, “चल गं बाई, एवढं वळण काढ...” आणि ती बाई काढायची! वीस वर्षं आप्पांशी कुरकुरणारी जीप याच्यापुढे नव्या सुनेसारखी वागत होती.

“काय चारता हिला?” एके दिवशी न राहवून तिने विचारलं.

“काय न्हाई. क्लच दोनदा दाबायचा. एकदा गिअर काढताना, एकदा टाकताना. मधी इंजिनाला जरा दम खाऊ द्यायचा.”

“मला ठावं हाय.”

“मग करून दावा.”

तो उतरला. जीपला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि “सरका” म्हणाला. समोर मोकळा माळ होता, उन्हं कलली होती, कडुलिंबाच्या मोहोराचा वास सुटला होता. प्रियदर्शनी सरकली. स्टिअरिंगला हात लावला. ते उन्हाने तापलं होतं, आणि आप्पांचे हात जिथे असायचे तिथे घासून गुळगुळीत झालं होतं.

क्लच... गिअर काढला... सोडला... पुन्हा क्लच. गिअर गुपचूप पडला. जीप निघाली. प्रत्येक दगड चाकातून स्टिअरिंगमध्ये, स्टिअरिंगमधून मनगटात, मनगटातून थेट दातांत येत होता. सीट उडवत होती, वारा तोंडात माती घालत होता, आणि तिला वाटलं, आपण आजवर या गाडीत बसलोच नव्हतो. आज पहिल्यांदा बसलो.

“बघून बघून शिकलाय व्हय?” तो चकित झाला होता.

“दुसरं काय होतं करायला? दांडी धरायची आन बघायचं.”

मग तिने चढ धरला, आणि तिथे घोटाळा झाला. दांडी धरायला आता वीरधवल होता. त्याने जोर लावला, तोही चुकीच्या बाजूला. दांडी नुसतीच दाबून भागत नसे. थरथर वाढली की मनगट आत वळवायचं असे. खट्ट! जीप घसरली. खाली पारावर बसलेल्या आप्पांनी तो आवाज बरोबर ओळखला. तिथूनच त्यांची फौजी हाक आली, “दर्शेऽ! तुझी जागा डावीकडं!”

ती उतरली आणि डावीकडे येऊन बसली. वीरधवल स्टिअरिंगवर बसला, पण त्याने गाडी सुरू केली नाही.

“मला वाटलं हुतं, त्या दिशी तुमी नुसतं रागानं बोलला.”

“कळत्या वयापास्नं दुसरं काय मागितलं न्हाई मी,” ती म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले, ते तिने धुळीवर ढकललं.

त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. रुमाल तिच्यापेक्षा मळका होता. तरी तिने घेतला.

त्या दिवसापासून प्रियदर्शनीची पंचाईत झाली. त्याच्यावर धड जळताही येईना. लॅबमध्ये सुई हातात घेतली की खळी आठवायची. एका पैलवानाची शीर दोनदा चुकली!

आणि अशातच साताऱ्याहून मामेबहीण आली. ऋतुजा. डोळ्यांवर गॉगल, हातात फोन, आणि जीप बघताच, “अय्या, किती भारी! दाजी, मला पण एक चक्कर!” दाजी म्हणे! कुणाचा दाजी?

त्या दुपारी प्रियदर्शनीला सुट्टी होती. ती आईबरोबर गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. समोर डोंगराच्या पायथ्याला जीप चालली होती, आणि डावीकडच्या जागेवर ऋतुजा बसली होती. एका हातात फोन, दुसरा हात... दांडीवर. जीप चढाला लागायची, घसरायची, मग दोघांचं हसणं वाऱ्यावर इथपर्यंत यायचं. पुन्हा चढायची, पुन्हा घसरायची, पुन्हा हसणं.

आता बघा, आजवर प्रियदर्शनी त्याच्यावर जळत होती ती जीपपायी. आज कुणीतरी येऊन तिचा मत्सर उलटा करून ठेवला. आज तिला जीपचाच राग आला. त्या दांडीचा आला. आपल्याच जागेचा आला. कुणीही आलं तरी बसवून घेणाऱ्या मेल्या सीटचा. आणि छातीत जे जळत होतं त्याला डिझेलचा वास नव्हता. हे काय होतं ते तिला चांगलं कळलं, आणि कळल्यावर ती आणखी चिडली.

“दर्शे,” आई म्हणाली, “कुरडया तेलात तळायच्या असत्यात गं. नजरंनं नको तळूस.”

सांजच्याला वीरधवल जीप लावायला आला, तेव्हा ती दारातच उभी होती.

“झाली का हौस?”

“कशाची?”

“डावीकडची जागा भरायची.”

त्याने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. “जळताय व्हय?”

“मी? मी कशापायी जळीन?”

“तेच इचारतोय... गाडीपायी का माझ्यापायी?”

“एक दिस लॅबला या,” ती दात चावून म्हणाली. “सगळ्यात जाडी सुई ठिवलीय तुमच्यासाठी.”

सुईचं नाव काढताच तो खरंच एक पाऊल मागे सरला. पण खळी काही गेली नाही.

जत्रेला दोन दिवस उरले. लॅबमधून सुटून स्टँडकडे चालताना मोहिद्दीनचाचांच्या गॅरेजपुढे तिचे पाय थबकले. आप्पांची जीप तिथे उभी होती, मधला पत्रा काढलेला, पोट उघडं.

“चाचा, काय झालं हिला?”

चाचा तिला ती फ्रॉकात होती तेव्हापासून ओळखत. चिंधीला हात पुसत ते म्हणाले, “काय न्हाई, बेटी. दांडीचा रोग काढला. कवाधरनं तुझ्या आप्पाला म्हणतोय, करून घे. तो म्हणायचा, पोरगी हाय की धरायला. आता केरबाचं पोरगं आलं. म्हणालं, चाचा, असं काम करा की दांडी धरायला कुणी लागायच नको.”

आणि गॅरेजवाल्यांची रीतच असते, काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे मनात संशय नको. चाचांनी कागदात गुंडाळलेली एक झिजलेली स्प्रिंग आणि एक चपटी झालेली लोखंडी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. “आप्पाला दाव.”

धरायला कुणी लागायच नको.

एसटीत खिडकीशी बसून ती एकच वाक्य चावत राहिली. स्टिअरिंग तर तिचं नव्हतंच. पण ती डावीकडची जागा तिची होती. साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कुणाला जमत नाही असं एक काम तिचं होतं. तेही त्याने काढून घेतलं. आता तो एकटा काहील नेईल, एकटा फेटा बांधून घेईल आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशीची गाडी पकडून कोइमतूरला जाईल. नाहीतर डावीकडे ऋतुजाला बसवेल, नुसती फोन धरायला. तिला रडू आलं. शेजारच्या बाईने विचारलं तर म्हणाली, “डोळ्यांत धूळ गेली.” खिडकीची काच बंद होती.

घरी आली तर तो कुंपणाशी वाट बघत उभा. चेहरा असा, की बक्षीसच मिळणार आहे.

“बघितली? गॅरेजला?”

“बघितली.”

“मग... खूश न्हाई व्हय तुमी?”

“लय खूश! आता डावीकडं कुणालाबी बसवा. न्हाईतर काहीलच बसवा.”

“आवं, मला बोलू तर द्या...”

“गाडीशी बोला. ती ऐकती तुमचं.”

तिने दार लावून घेतलं. बाहेर तो थोडा वेळ घुटमळला, मग गोठ्याकडे आप्पांपाशी गेला. त्याचा हलका आवाज, मग आप्पांचा चढलेला आवाज. कान देऊन ऐकायची तिची इच्छा होती. पण अभिमानाने ते करू दिलं नाही.

जत्रेची सकाळ उजाडली. पारापुढे हलगी घुमत होती. जीपच्या मागे दोरखंडांनी आवळलेली ती प्रचंड काहील उन्हात चमकत होती. प्रियदर्शनी जाणार नव्हती. आईने ओढतच आणली. “घरात बसून कुढण्यापरास चारचौघांत कुढ.”

गर्दीतून वाट काढत ती पुढे आली आणि थांबली.

वीरधवल जीपमध्ये बसला होता. डावीकडे.

स्टिअरिंगची जागा रिकामी होती.

“ड्रायव्हर कुठाय रं?” पुजारी तात्याबा ओरडले. “उन्हं वर आली!”

आप्पा पुढे झाले. हातात मानाचा फेटा. जुन्याने नव्याला तो बांधायचा, अशी रीत. त्यांनी काळा चष्मा काढला आणि सरळ लेकीपुढे येऊन उभे राहिले.

“दर्शे,” ते वीरधवलकडे बोट करून म्हणाले, “हा परवा मला म्हणतोय, काका, दांडी धरायचं निमित्त तर संपलं. आता पोरीला कुठलं नवं निमित्त सांगणार? लय वरडलो मी ह्याच्यावर.” त्यांचा आवाज घसरला. “खरं सांगू, दर्शे? परक्याला गाडी दिली तर ती एका दिसापुरती. सांजला परत माझ्या दारात. पण तुला दिली की... गेली. मग ती तुझीच. त्या भ्यानं मी तुला दांडीला जखडून ठिवली. जळत हुतो गं मी.”

हे जळणं आपल्याकडे कुणाकडून आलं, ते प्रियदर्शनीला त्या क्षणी कळलं. तिने मान वाकवली. आप्पांनी तिच्या डोक्याला फेटा बांधला, जरा घट्टच. गर्दीत कुणीतरी म्हणालं, “पोरगी नेणार व्हय?” तात्याबांनी हलगीवाल्याला डोळा घातला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर हलगीनेच दिलं.

आई मात्र जीपपाशी येऊन वीरधवलला हळूच म्हणाली, “डाव्या अंगाला बायकू बसवत्यात, बाबा.”

“चालतंय, काकी,” तो म्हणाला.

क्लच. गिअर काढला. सोडला. पुन्हा क्लच. जीप निघाली.

पायथा सरला, मुरूम लागला. काहिलीच्या वजनाने गाडीचं नाक वर उचललं जात होतं, समोर रस्ता कमी आणि आभाळ जास्त दिसत होतं. कधी नव्हे तो वीरधवल कोइमतूरची इडली विसरला होता. घोड्याच्या नालासारखं वळलेलं घोडवळण आलं. एका बाजूला कडा, एका बाजूला काही नाही. तिने बारकी दांडी टाकली, पहिला गिअर टाकला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढलं. मागच्या चाकाखालचा दगड निसटला. जीप एकदम डुचमळली, दांडी थरथरली...

सवय फार वाईट. प्रियदर्शनीचा डावा हात स्टिअरिंग सोडून दांडीकडे धावला.

पण दांडीवर आधीच एक हात होता.

“हितं मी हाय,” वीरधवल म्हणाला. “तू पुढं बघ.”

तिने हात मागे घेतला, स्टिअरिंग धरलं, आणि जीपला म्हणाली, “चल गं बाई.” चारही चाकांनी एकदमच माती धरली. जीप वळली, डावीकडे, आणि हॉर्न आपला आपण कोकलत सुटला. खाली गावाने तो ऐकला आणि हलगी वेडी झाली.

वर देवळापाशी काहील उतरवली गेली. माणसं चुलाण पेटवायला पांगली. जीपच्या बॉनेटमधून ऊन ऊन वास येत होता. प्रियदर्शनीने स्टिअरिंग अजून सोडलं नव्हतं.

“मगाशी मला तू म्हणालास,” ती म्हणाली.

“घाईत निसटलं.”

“आणि दांडी तर आता सुटत न्हाई. मग धरलीस कशाला?”

“सवय लावून घेतोय.”

“ऋतुजासंगं लावली की सवय.”

“तिला बसवून बघितली गं!” तो काकुळतीला आला. “म्हटलं, दुसऱ्या कुणाला दांडी जमली तर तू मोकळी हुशील, काका तुला गाडी देतील. ती बया एका हातानं फोन धरणार, एका हातानं दांडी. दहादा घसरलो! मग गेलो चाचांकडं. तुला जागेवरनं उठवायला न्हाई... तुला ह्या जागेवर बसवायला.”

वाऱ्याने फेट्याचा शेमला तिच्या तोंडावर आला. तिने तो बाजूला केला नाही. तोंड लपवायला बरा होता.

“उद्या कोइमतूरची गाडी हाय ना तुझी?”

“हाय.” तो दांडीकडे बघत राहिला. “थांब म्हणणारं कुणी असंल तर...”

मग पर्समधून तिने कागदाची पुडी काढली आणि उलगडली. झिजलेली स्प्रिंग, चपटी गोळी.

“हे चाचांकडनं परत बसवून घेणार हाय मी.”

“खुळी का काय? मग दांडी परत सुटंल की!”

“सुटू दे.”

“मग धरणार कोण?”

तिने शेमला बाजूला केला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ, न जळता, न चिडता पाहिलं. “तेच म्हणतीय मी... माझ्या गाडीत धरायला माणूस लागतो. रोजचा. मला एकटीला न्हाई जमायचं. आणि खरं सांगायचं तर, तुझ्याशिवाय करमायचंबी न्हाई.”

वीरधवलने तिच्या तळहातावरची स्प्रिंग उचलली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, छातीशी. मग फोन काढला.

“कुणाला लावतोस?”

“बाबांना. भट्टीवर दुसरा माणूस बघा म्हणतो. मला हितं काम लागलंय.”

रिकामी जीप उतरायला लागली तेव्हा आप्पा आणि आई पायथ्याशी उभे होते. घोडवळणाखालच्या डाव्या वळणावर हॉर्न वाजला. मग शेवटचा सरळ तुकडा लागला आणि फुफाट्यातून जीप बाहेर आली. आप्पांनी कपाळावर हात धरून पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“अगं, एका हातानं चालवतीय पोरगी! डावा हात कुठाय तिचा?”

“हाय तिथं बरा हाय,” आई म्हणाली. “तुमचा डोळा अजून कच्चा हाय. चष्मा घाला, आन जास्त बघू नगा.”